सिग्नल कुणाला पोचला?

(दृश्य : मालवणचं बंदर, पहाट. होड्यांतून क्रेट उतरतायत. मागे बर्फ फोडल्याचा आवाज.)

मासळी बंदराला लागली की पहिली हाक बर्फाला. २००२ साली मी इथल्याच एका बर्फाच्या कारखान्यात होतो. लाद्या गोठतात त्या टाकीतलं मिठाचं पाणी किती थंड आहे, त्याची दर मिनिटाला संगणकात नोंद घेणारा प्रोग्राम मी लिहिला होता. केबलच्या पिना खाऱ्या हवेनं हिरव्या पडायच्या, दर आठवड्याला घासाव्या लागायच्या.

संगणकावर लिनक्स. प्रोग्राम सी भाषेत, तीन थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन कामांच्या धाग्यांचा. मुख्य थ्रेड तापमान वाचायचा, दुसरा डिस्कवर लिहायचा, तिसरा नुसता सिग्नलची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या ‘थांब’सारख्या निरोपाची, वाट बघायचा. सगळ्या थ्रेडमध्ये सिग्नल अडवून ठेवायचे आणि एकानंच ‘सिगवेट’ (सिग्नल येईपर्यंत थांबायची आज्ञा) लावून बसायचं, ही पॉझिक्स या यूनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातली सरळ रीत. सिग्नल प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रामला, पाठवला की तो जो घेऊ शकेल त्या थ्रेडला मिळतो, असं मानक सांगतं. मी त्यावर विसंबून होतो.

जुलैतल्या एका रात्री वीज गेली. यूपीएसनं इशारा दिला, माझ्या स्क्रिप्टनं फाइलमधून प्रोसेसचा नंबर वाचून ‘सिगटर्म’ हा थांबायचा सिग्नल पाठवला आणि प्रोग्राम संपायची वाट बघत राहिली. प्रोग्राम संपेचना. मशीनवरचे काका ओरडले, “झिला, ह्यो काय थांबणा नाय!” बॅटरी संपली, स्क्रीन काळी झाली. सकाळी फाइल उघडली तर शेवटची ओळ मधेच तुटलेली. बफरमध्ये, म्हणजे डिस्कवर जाण्याआधी मेमरीत, साठलेल्या जवळजवळ तीन तासांच्या नोंदी गेल्या होत्या.

(दृश्य : जुन्या मॉनिटरवर ‘पीएस’ची, म्हणजे चालू प्रोसेसची, यादी.)

ही यादी नीट बघा. थ्रेड तीन, ओळी चार, आणि प्रत्येक ओळीला वेगळा नंबर. चौथी ओळ थ्रेड पुरवणाऱ्या लायब्ररीच्या स्वतःच्या व्यवस्थापक थ्रेडची. तेव्हाच्या लिनक्सवर प्रत्येक थ्रेड कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखी स्वतंत्र प्रोसेसच होता. माझा सिगटर्म मुख्य थ्रेडच्या नंबरावर गेला, तिथं तो अडवलेला होता, म्हणून तिथंच पडून राहिला. शेजारी सिगवेट लावून बसलेल्या थ्रेडला त्याचा पत्ताच नव्हता.

थ्रेडचं मानक, पॉझिक्स १००३.१सी, १९९५चं. पुढच्याच वर्षी झाविए लरॉय यांनी लिनक्सथ्रेड्स ही लायब्ररी दिली. कर्नलमध्ये तेव्हा ‘क्लोन’ (प्रोसेसची जोडप्रत काढायची सोय) एवढंच हाताशी होतं, त्यावर त्यांनी हे उभं केलं. आणि सिग्नलच्या बाबतीत आपण मानकाला धरून नाही, हे स्वतःच लिहूनही ठेवलं. मी ते वाचलं नव्हतं. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे: त्या लायब्ररीमुळेच माझ्यासारखे किनाऱ्यावरचे लोक थ्रेड शिकले.

मी सिगवेट मुख्य थ्रेडमध्ये हलवलं आणि काम चालवून नेलं. पण प्रोग्राम मानकाप्रमाणे बरोबर असताना बदलावा लागला, ही बोच राहिली.

ती बोच काढली उलरिच ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी. त्यांची एनपीटीएल ही लायब्ररी २००३ मध्ये रेड हॅट लिनक्स ९ मधून आली, आणि डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमध्ये तिला लागणारा आधार मुळातच होता. आता सगळ्या थ्रेडना मिळून एकच प्रोसेस नंबर. एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपांसाठी फ्युटेक्स ही सोय: भांडण नसेल तर कर्नलपर्यंत जायचंच नाही. आयबीएमकडून त्याच काळात दुसरी वाट चालू होती, अनेक थ्रेड थोड्या कर्नल-थ्रेडवर वाटायची. ती सोडून द्यावी लागली. सोलारिस ९, फ्रीबीएसडी ७, नेटबीएसडी ५ या इतर प्रणालीही शेवटी एका थ्रेडला एक कर्नल-थ्रेड अशा एकास एक जोडीवरच आल्या. मला ते योग्यच वाटतं. थ्रेडच्या पाळ्या लावणारे दोन शेड्यूलर एकमेकांचं मन ओळखत बसण्यापेक्षा एकानंच सगळं बघितलेलं बरं.

तरी सगळं जुळलं असं नाही. मागच्या वर्षी भाच्यानं माझा एक प्रोग्राम त्याच्या मॅकवर चालवला. ‘सेम-इनिट’नं, म्हणजे थ्रेडमध्ये पाळी राखणारा सेमाफोर तयार करायच्या आज्ञेनं, थेट उत्तर दिलं: ही सोय इथं नाही. मॅकओएसला यूनिक्स ०३ या मानकाचं प्रमाणपत्र २००७ पासून आहे, आणि तरीही हे नियमाबाहेर नाही; कारण त्या मानकात सेमाफोर ऐच्छिक होते. २००८ च्या पॉझिक्सनं ते सक्तीचे केले. म्हणून प्रमाणपत्र बघताना त्यावरचं साल आधी बघायचं, हे मी भाच्याला तिथंच दाखवलं.

(दृश्य : आजचा लॅपटॉप, खिडकीबाहेर पाऊस.)

हा २००२ चा पहिला प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता आजच्या लिनक्सवर बांधलेला. ‘पीएस’मध्ये ओळ एकच. त्याच नंबरावर सिगटर्म पाठवतो.

थांबला.

फाइलची शेवटची ओळ: तारीख, वेळ, उणे नऊ अंश. आणि पुढे नव्या ओळीवर कर्सर.