कोलोनोस्कोपीची तयारी: दुसरा डोस पहाटेचाच

नमस्कार श्रोतेहो. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी ठरली, की बहुतेकांना धास्ती वाटते ती नळीची. पण गुंगीच्या औषधामुळे नळी आत असताना फारसं जाणवत नाही. तपासणी फसते ती बहुधा आदल्या दिवशी, पोट नीट साफ न झाल्यामुळे.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं, पालेभाज्या बंद करा. बियांनी दुर्बिणीतली पाणी ओढणारी वाट तुंबते. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी मल काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारी औषधं आणि इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पेयं घ्या. लाल किंवा जांभळी नकोत, आत ती रक्तासारखी दिसतात.

आता जुलाबाचं औषध. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर सहसा 2 ते 4 लिटर पाण्यात देतात. सगळं रात्रीच पिऊन मोकळं व्हावंसं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्याचा थर बसतो. सहज नजरेतून सुटणारे चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या गाठीसारख्या वाढी, बरेचदा त्याच भागात असतात. म्हणून निम्मं औषध संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या 4 ते 6 तास आधी सुरू करायचं आणि निदान 2 तास आधी संपवायचं. सकाळची वेळ मिळाली असेल तर पहाटे गजर लावून उठावं लागतं, त्याला इलाज नाही. मळमळलं तर थोडं थांबा, औषध गार करून घ्या. शेवटी नितळ, पिवळसर पाणी पडायला हवं. गढूळ किंवा तपकिरी पडत असेल तर नर्सला आधीच सांगा. लपवलंत तर तपासणी पुन्हा करावी लागेल.

दुर्बीण आधी आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत नेतात. खरी पाहणी होते ती बाहेर काढताना, आणि त्यासाठी किमान 6 मिनिटं द्यायची असतात. पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे तारेच्या फासात पकडून कापतात. आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही.

गुंगीनंतर 24 तास गाडी चालवू नका. गॅसने पोट थोडं फुगेल, ते चालतं. पण पोट दगडासारखं कडक झालं, दुखणं वाढत गेलं, ताप आला किंवा शौचातून बरंच रक्त पडलं, तर लगेच रुग्णालय गाठा. पॉलिप कापला असेल तर असा रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो.