मान्यता एका कागदावर, पैसा दुसऱ्या

मित्रहो, शाळेच्या पैशाबद्दल बोलायचं तर दोन कागद समोर ठेवावे लागतात. पहिला संचमान्यतेचा, दुसरा निधी वितरणाचा. शाळेत किती पदं असतील हे पहिला सांगतो. त्या पदांचा पगार येणार की नाही हे दुसरा. आपल्या शिक्षक संघटनांची बरीचशी ताकद या दोहोंच्या मधल्या तिसऱ्याच कागदावर, म्हणजे शासन निर्णयावर, खर्च होते. निर्णय निघाला की पेढे वाटले जातात, आणि तरतुदीचा पाठपुरावा मागे पडतो. माझं आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी संचमान्यता. 30 सप्टेंबरच्या पटावर, म्हणजे त्या दिवशीच्या विद्यार्थीसंख्येवर, पुढची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार असा हिशेब आहे. समजा, एका वाडीवरच्या शाळेचा पट 61 आहे. कायद्याने तीन शिक्षक. पण संचमान्यतेत आधार वैध ठरलेली मुलं धरली जातात. अधूनमधून सवलत मिळते, तिच्या भरवशावर मात्र राहू नका. चार मुलांचं आधार जुळलं नाही, तर कागदावरचा पट 57 होतो आणि तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो. मुलं रोज वर्गात बसलेली असतात आणि पद गेलेलं असतं.

आधार का जुळत नाही? जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत, जन्मतारीख एक, आधारवर दुसरी. नावातली वेलांटी किंवा आडनावाची जागा वेगळी. कधी लिंगाच्या रकान्यात चूक. अशा वेळी घाईघाईने जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड करतात. ते अजिबात करू नका. रजिस्टरमधल्या दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, आणि ती नसेल तर दहावीला त्या मुलाचीच अडचण होते. जन्मदाखला आणा, तो रजिस्टरशी ताडून पाहा, आणि चूक आधारवर असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, नाव दोनदा. म्हणून केंद्रावर जाण्याआधी कागद पक्का हवा. हे काम जून-जुलैत व्हायला पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही आणि आधार केंद्रावर रांग असते. जी मुलं तरीही राहतील, त्यांची यादी हजेरीच्या प्रतीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या. पुढे हरकत घ्यायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हातात असतो.

15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात 20 पेक्षा कमी मुलं असतील तर तिथे पदच मंजूर होत नाही, हा त्यातला सर्वांत जाचक भाग. कायदा मात्र याच वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक मागतो. डोंगराळ भागात अठरा मुलांचा गट ही साधी गोष्ट आहे. त्या मुलांनी मग रोज किती किलोमीटर जायचं, हा प्रश्न निकष ठरवणाऱ्यांपुढे मांडायलाच हवा.

अतिरिक्त शिक्षक ठरवताना सगळ्यात जास्त भांडणं सेवाज्येष्ठतेवरून होतात. खाजगी शाळांसाठी 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत ज्येष्ठतेसाठी बारावा नियम आणि अनुसूची फ आहे. ज्येष्ठता यादी दरवर्षी प्रसिद्ध करून प्रत्येकाची सही घेतली असेल, तर समायोजनाच्या, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवण्याच्या, वेळी वाद उरत नाही. बहुतेक संस्था ही यादी अतिरिक्त ठरल्यानंतरच बनवायला घेतात. मग बिंदूनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी), विषय आणि पदवीची तारीख या सगळ्यांचा गुंता एकदम समोर येतो.

आता दुसऱ्या कागदाकडे. विनाअनुदानित शाळांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द 20 जुलै 2009 ला वगळला गेला, म्हणजे या शाळांना अनुदानाची वाट मोकळी झाली. पुढे मूल्यांकनाचे निकष आले, आणि पगाराच्या अनुदानाचा पहिला 20 टक्क्यांचा टप्पा मिळायला सप्टेंबर 2016 उजाडलं. शब्द गेला आणि पैसा आला, यात सात वर्षं. फेब्रुवारी 2023 मध्ये 20, 40 आणि 60 टक्क्यांचे टप्पे ठरले. ऑक्टोबर 2024 मध्ये वाढीव टप्प्याचा निर्णय झाला, पण त्याच्यासोबत तरतूद नव्हती. म्हणून जुलै 2025 मध्ये भर पावसात शिक्षक आझाद मैदानावर बसले होते. मागणी नवी नव्हतीच. सरकारने आधीच मान्य केलेल्या गोष्टीचे पैसे मागावे लागले.

टप्प्याचा अर्थ हिशेबात बघा. ज्या शिक्षकाचं नियमाप्रमाणे वेतन 50,000 रुपये होतं, त्याला 20 टक्क्यांवर 10,000 मिळतात, 60 टक्क्यांवर 30,000. उरलेलं संस्थेने द्यायचं असतं आणि बहुतेक ठिकाणी संस्था देत नाही. काम मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के. निवृत्तिवेतनाचं दुखणंही इथूनच निघतं. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमणूक झाली, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर त्या तारखेनंतर आली, अशा शिक्षकांचा जुन्या पेन्शनचा हक्क याच फटीत अडकला आहे.

पैसा चालतो कसा, हे प्रत्येक तालुका कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. सामान्य शिक्षणाचं मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, 2202. मार्चच्या अर्थसंकल्पात रक्कम नसेल तर पुरवणी मागणीतून यावी लागते. विधिमंडळाने मंजूर केली की वित्त विभागाच्या संमतीने बीम्स या सरकारच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर निधी वितरित होतो, तिथून पगाराची देयकं पाहणाऱ्या वेतन पथकाकडे, मग शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीवरचं देयक आणि शेवटी कोषागार. यातली एक कडी अडली की पगार अडतो. शाळेच्या पातळीवर अडते ती शालार्थ आयडीची कडी, कारण वैयक्तिक मान्यता (त्या शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षण विभागाने दिलेली मंजुरी), नेमणूक आदेश आणि रुजू अहवाल यांच्या तारखा एकमेकांशी जुळत नाहीत. नागपुरात बोगस आयडीचं प्रकरण उघड झाल्यापासून तपासणी कडक झाली आहे. ती व्हायलाच हवी. पण खऱ्या शिक्षकाचं मूळ कागदपत्र संस्थेच्या कपाटात कुलूपबंद असेल तर भोगतो तोच. आपल्या सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी.

पगाराबाहेरच्या पैशाबद्दल संघटना फार कमी बोलतात, हे मला खटकतं. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदान 30 पटापर्यंत वर्षाला 10,000 रुपये आहे, 31 ते 100 ला 25,000. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, दुरुस्ती, इंटरनेट सगळं यात बसवायचं. हप्ता वर्षाच्या अखेरीस आला तर मार्चमध्ये खरेदीची घाई होते आणि जूनमध्ये फळ्याला रंग नसतो. शाळा डिजिटल करायच्या घोषणा होतात, तेव्हा विजेचं बिल कोण भरणार, हा पहिला प्रश्न आपला असला पाहिजे.

आणि शिक्षकांच्या इतक्या वेगवेगळ्या संघटना का? थोडं कारण राज्यघटनेच्या 171 व्या कलमात आहे. आपल्या विधान परिषदेत शिक्षकांच्या सात जागा आहेत, पण मतदार होण्यासाठी माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला तिथे मतच नाही. त्यामुळे सभागृहात माध्यमिकचे टप्पे गाजतात आणि वाडीवरच्या शाळेचा पट बोलायला माणूस नसतो. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सगळे एकत्र आले, संप 14 ते 20 तारखेपर्यंत चालला. पेन्शन सर्वांची होती. पटाच्या प्रश्नावर तशी एकजूट मला अजून दिसलेली नाही.

तिथे पालकांना सोबत घ्यावं लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्यानेच या समितीला दिला आहे. संघटनेचं निवेदन गेलं तर शिक्षक नोकरी वाचवतायत असं म्हणता येतं. समितीचा ठराव गेला तर तसं म्हणता येत नाही. ऑगस्टच्या सभेत तीन आकडे इतिवृत्तात घ्या: हजेरीवरचा पट, आधार वैध पट, आणि कायद्याप्रमाणे लागणारी पदं. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक आमदारांना. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात. त्याआधी, म्हणजे नोव्हेंबरमध्येच, तालुक्यातल्या सगळ्या ठरावांची एकत्र यादी आमदारांच्या हाती पोचली पाहिजे.