सिरीज बोर्डावरचा दिवा

(दृश्य: दुरुस्तीचे टेबल. लाकडी पाटी, तिच्यावर जुना बल्ब आणि सॉकेट.)

पुण्यातल्या एका पेठेतले हे दुरुस्तीचे दुकान आहे. टेबलाच्या कडेला लाकडी पाटीवर शंभर वॉटचा जुना, तारेचा बल्ब आणि त्याच्या शेजारी एक सॉकेट बसवलेले आहे. कारागीर याला ‘सिरीज बोर्ड’ म्हणतात. दुरुस्तीला आलेली वस्तू भिंतीतल्या प्लगला थेट लावायची नाही, आधी या बल्बमधून येणारी वीज तिला द्यायची, हा इथला पहिला नियम आहे.

आपल्या घरात वीज 230 व्होल्टच्या दाबाने येते. या दाबामुळे धारा वाहते आणि वाटेतला रोध तिला अडवतो. दाबाला रोधाने भागले की धारा मिळते, हे जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी 1827 साली मांडले. पूर्ण तेजाने पेटलेल्या शंभर वॉटच्या बल्बचा रोध सुमारे 530 ओहम असतो. त्यामुळे सॉकेटला लावलेली वस्तू आतून शॉर्ट असली, तरी अर्ध्या अँपिअरहून कमीच धारा वाहते, बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज शाबूत राहतो. वस्तूतला मार्गच तुटलेला असेल, तर बल्ब पेटत नाही.

आता बोर्डावर नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला आहे. तोही अंधारात आहे आणि शेजारचा बल्बही. म्हणजे शॉर्ट नाही. मार्ग कुठेतरी तुटला आहे.

(दृश्य: पातळ पाते दिव्याच्या कडेने फिरते, पांढरी टोपी निघते.)

ही टोपी गोंदाने पक्की चिकटवलेली असते. तिथे फिरकीचे आटे ठेवले असते, तर दिवा उघडायला पाते चालवावे लागले नसते.

आतल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर नऊ पिवळे चौकोन दिसतात. त्यांतल्या एकाच्या मधोमध, खसखशीच्या दाण्याएवढा, काळा ठिपका आहे. बिघाड एवढाच आहे. हे नऊ एलईडी एकसर जोडणीत, म्हणजे एकामागे एक जोडलेले आहेत. पहिल्यातून जाणारी धारा तीच पुढच्या आठांतून जाते, आणि एक जळाला की सगळ्यांची वाट बंद होते. घरातले दिवे समांतर जोडलेले असतात, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा गेल्यावर माजघर अंधारात जात नाही. टेस्टरच्या दोन पिना टेकवताच उरलेले आठही एलईडी एकेक करून उजळतात. ज्या दिव्याला आपण ‘गेला’ म्हणतो, त्याचे नवातले आठ भाग धडधाकट असतात.

(दृश्य: चकतीखालचा ड्रायव्हर, भिंगातून.)

चकतीखाली दडलेला हा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारे सर्किट, नीट पाहण्यासारखा आहे. भिंतीतल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, आणि एलईडी तर एकाच दिशेने धारा जाऊ देतो. म्हणून सुरुवातीलाच चार डायोडचा, म्हणजे धारेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, ब्रिज बसवलेला असतो. तो दोन्ही दिशांच्या लाटा एका दिशेला वळवतो. शेजारचा, वीज साठवणारा कपॅसिटर लाटेच्या माथ्यावर भरतो आणि उतारावर रिता होतो, त्यामुळे चढउतार कमी होतात. या माथ्याची उंची सुमारे 325 व्होल्ट असते, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो. कारागीर बोट लावण्याआधी एका रोधकातून तो रिता करतात, ते याचसाठी.

यापुढचे काम इवल्याशा आयसीचे, म्हणजे चिपचे आहे. एलईडी ओहमच्या सरळ हिशेबाने वागत नाही. दाब थोडासा वाढला, तरी धारा कितीतरी पटींनी वाढते आणि तो तापून जळतो. म्हणून आयसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन धारा एका ठरावीक मापात राखतो. इथे प्रत्येक एलईडीला सुमारे नऊ व्होल्ट, म्हणजे नऊ जणांना एक्क्याऐंशी व्होल्ट लागतात आणि धारा एक दशांश अँपिअरच्या आसपास असते.

(दृश्य: चकतीखाली तापलेले सोल्डरिंग आयर्न, वर चिमटा.)

चकती खालून तापवली की कथील वितळते आणि जळालेला एलईडी चिमट्याने अलगद उचलता येतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेला नवा एलईडी त्याच जागी बसतो, मात्र अधिक आणि उणे बाजू जुळायला हव्यात. उलटा बसला, तर वाट पुन्हा बंद.

2015 साली सुरू झालेल्या केंद्राच्या ‘उजाला’ योजनेतून 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले; बंद पडल्यावर असे दिवे ई-कचऱ्यात मोडतात.

(दृश्य: दिवा पुन्हा सिरीज बोर्डावर. बटण दाबले जाते.)

नऊ वॉटच्या दिव्याला लागणारी धारा इतकी कमी आहे, की तिच्याने शंभर वॉटच्या बल्बची तार लालही होत नाही. बल्ब अंधारातच राहतो, आणि शेजारी नऊच्या नऊ चौकोन उजळतात.