मोबाइल ठेवला बाजूला, आता हातांचं काय करू?

नमस्कार मंडळी! स्क्रीन टाइम कमी करायचं ठरवून मोबाइल कपाटात टाकणारे पुष्कळ आहेत. आणि दहा मिनिटांत तोच मोबाइल बाहेर काढणारेही तेवढेच. कारण रिकामा वेळ माणसाला खायला उठतो.

२०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गमतीदार प्रयोग छापून आला. माणसांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं. सोबतीला फक्त एक बटण. दाबलं की विजेचा झटका! तो झटका त्यांनी आधी अनुभवला होता, पुन्हा बसू नये म्हणून पैसेही देऊ असं म्हणाले होते. तरी १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी बटण दाबलंच. आपल्या खिशात तर झटक्यापेक्षा कितीतरी मजेशीर गोष्ट असते. मग नुसत्या निर्धारावर ती किती वेळ दूर राहणार?

म्हणून आधी छंद हाताशी ठेवा, मग मोबाइल लांब करा. हाताशी म्हणजे अक्षरशः हाताशी. गिटार कव्हरमध्ये घालून पलंगाखाली असेल तर ती कुणीही वाजवत नाही. सोफ्याला टेकवून उभी असेल, तर जाता-येता एखादी तार छेडली जातेच.

छंद निवडताना मी एकच बघेन: दोन्ही हात गुंततात का? विणकाम, लाकूडकाम, कुंड्यांची माती, तबला, काहीही चालेल. हात मोकळे राहिले की ते स्क्रीनकडे वळलेच म्हणून समजा.

काहीच सुचत नसेल तर हे करून बघा. एक हात टेबलावर ठेवा, दुसऱ्यात पेन्सिल. आता कागदाकडे अजिबात बघायचं नाही. नजर मनगटापासून हाताच्या कडेकडेनं मुंगीच्या चालीनं सरकवा, आणि त्याच गतीनं पेन्सिल. उचलायची नाही. पेरांवरच्या सुरकुत्या येतील, नखाची कड येईल, तिथे रेंगाळा. पाच मिनिटांनी कागद बघाल तर पंजा कसला, बटाट्याला फांद्या फुटल्यासारखं काहीतरी दिसेल. सगळ्यांचं तसंच येतं. पण तेवढा वेळ नोटिफिकेशनची आठवणही होत नाही. चित्रकलेच्या वर्गात हा सराव मुद्दाम देतात, नीट बघायची सवय लागावी म्हणून.

त्या चित्राचा फोटो मात्र लगेच टाकू नका हं! मग लाइक मोजायला पुन्हा तिथेच जाऊन बसाल. तीच गोष्ट ‘यातून कमाई होईल का’ या प्रश्नाची. छंदाला कामाला जुंपलं की मजा गेली. महागडं सामानही आत्ताच नको. आणि ‘शिकण्यासाठी’ म्हणून तासभर व्हिडिओ बघणं, माझ्या चॅनेलसकट, हा छंद नव्हे.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न: सवय लागायला किती दिवस? २१ दिवसांचं चॅलेंज सगळीकडे फिरतं, ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. त्यामुळे मंगळवारी पेन्सिल हातात घेतली नाहीत, तर बुधवारी घ्या.