नारायण विनायक जगताप यांची कथा

श्रोतेहो, नमस्कार.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. आलेल्या कथांमध्ये एका कथेचं नाव होतं ‘कृष्णविवर’ आणि लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस या जगतापांना मिळालं. मग कळलं की जगताप नावाचा कुणी लेखकच नाही. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटीकडून वाचली की होतात ज. वि. ना. म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर.

अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपल्या हाताने लिहून दिली होती. मंगलाताई स्वतः गणिती. आणि कथा सुरू कुठे झाली, तर अहमदाबादला. एका परिसंवादात रटाळ भाषण चाललं होतं, तेव्हा समोरच्या कागदावर नारळीकरांनी ती लिहायला घेतली.

या बक्षिसाचं मोल कळायला त्या वेळचे नारळीकर कोण होते ते आठवायला हवं. वय छत्तीस. पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेली. केंब्रिजला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून घराघरात नाव पोहोचलेलं. १९७२ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. अशा माणसाने स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती, तर कुठला परीक्षक तिला निर्विकारपणे हात लावू शकला असता? नारळीकरांना हेच नको होतं. कथा बरी आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, अनेक लेखकांचे परिचय मुलांना करून दिले. पण आपलं मोठं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून साहित्याच्या घरात पाऊल टाकणारा असा दुसरा माणूस मला चटकन आठवत नाही.

जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. वाढले मात्र बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. शाळा हिंदी माध्यमाची, मराठी ती घरातली. त्या घरात भिंतीवर खडूने लिहायचे फळे होते. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा हुजूरबाजार त्यावर गणिताचं एखादं कोडं लिहून ठेवत, जयंताला आव्हान म्हणून. कोडं सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही. मला वाटतं, त्यांच्या विज्ञानकथेचा साचा इथेच पडला असावा. आधी एक अवघड ‘समजा’ फळ्यावर लिहायचं, आणि मग हातचलाखी न करता ते शेवटापर्यंत सोडवत न्यायचं.

१९५७ साली ते केंब्रिजला गेले. त्याच वर्षी हॉएल यांची विज्ञानकादंबरी ‘द ब्लॅक क्लाउड’ प्रसिद्ध झाली होती. पुढे हेच हॉएल त्यांचे गुरू झाले. वैज्ञानिकाने कथा लिहिणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे त्यांना गुरूच्या घरातच पाहायला मिळालं. आपल्याकडे तसं नव्हतं. इथे विज्ञानकथा म्हणजे मुलांची करमणूक, नाहीतर भाषांतर. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. मराठी साहित्याच्या पंक्तीत या प्रकाराचं पान मांडलं गेलं ते तिथे. मग मागणी वाढली, कथा येत राहिल्या. ‘यक्षांची देणगी’ या संग्रहाला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ‘प्रेषित’, ‘व्हायरस’, ‘अभयारण्य’, ‘वामन परत न आला’ अशा कादंबऱ्या आल्या.

यादी इथेच थांबवते. मला बोलायचंय ते त्या कथा कुठे घडतात याविषयी.

परग्रहावरची युद्धं आणि चकचकीत यानं त्यांना सहज लिहिता आली असती. आकाश तर त्यांच्या रोजच्या कामाचं. पण त्यांनी विश्वातली सगळ्यात विचित्र गोष्ट उचलली आणि ती आपल्या माजघरात आणून ठेवली. श्रोतेहो, शक्य असेल तर वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडून घ्या. तिच्या एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. आता समजा, ही पट्टी काचेसारखी पारदर्शक आहे आणि तिच्यात एक चपटा उजवा पंजा सरकतो आहे. पूर्ण फेरी मारून तो जागेवर आला की डावा झालेला असतो. गणितात हे शिकवायचं तर दोन तास जातील. नारळीकरांनी काय केलं? डाव्या सोंडेचा गणपती या फेरीला पाठवला. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ हे कथेचं नाव वाचताच मराठी माणसाचे कान टवकारतात, कारण उजवी सोंड म्हणजे सोवळं कडक, हे त्याला आजीने सांगितलेलं असतं. त्याच कथेत उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डावखुरा होतो. गणपती आणि क्रिकेट. आपल्या माणसाला कुठे पकडायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतो. ‘धूमकेतू’मध्ये एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो आणि घरात आनंदाऐवजी अपशकुनाची भीती शिरते. तो पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं, वैज्ञानिक गुपचूप उपाय करतात, संकट टळतं, आणि घरची मंडळी श्रेय देतात यज्ञाला. या कथेवर पुढे मुलांसाठी चित्रपटही निघाला. वैज्ञानिक दृष्टिकोनावर त्यांनी लेख लिहिले, भाषणं दिली, पण त्या घरातलं ते दृश्य जितकं मनात घर करून राहतं तितकं त्यातलं काहीच नाही, असं माझं मत आहे.

आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ही कथा मी वर्गात कितीदा वाचली असेल, मोजदाद नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोहोचतात वेगळ्याच मुंबईत. इथे मराठे १७६१ साली पानिपत जिंकलेले आहेत, आणि मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. का? तर रणांगणात विश्वासरावांना लागलेली गोळी इथे त्यांच्या कानाजवळून निघून गेली. तीळभर अंतराचा फरक. या तीळभर फरकामागे नारळीकरांनी पुंजभौतिकीचं, म्हणजे क्वांटम फिजिक्सचं, तत्त्व उभं केलं आहे. इलेक्ट्रॉन इथे सापडेल की तिथे, हे आधी निश्चित सांगता येत नाही, आणि जिथे निश्चित सांगता येत नाही तिथे अनेक जगांना जागा उरते.

पण वर्ग गप्प व्हायचा तो पानिपताला नव्हे. गंगाधरपंत या अनोळखी मुंबईत आपला मुलगा नोकरी करतो त्या कचेरीत जातात. स्वागतिकेला मुलाचं नाव सांगतात. ती यादी चाळते आणि सांगते, या नावाचं इथे कुणी नाही. बस, एवढंच. दोन-चार ओळी. बाप आपल्याच मुलाचा पत्ता विचारतोय आणि जगात तो मुलगाच नाही. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, मग त्यांनी घरी जायचं तरी कुठं?” मी पुस्तक मिटलं. पुढचं वाचन दुसऱ्या दिवशी झालं.

नारळीकरांच्या कथेतली माणसं पातळ आहेत, ती एकमेकांना विज्ञान समजावून सांगत बसतात, असा आक्षेप काहीजण घेतात. काही कथांपुरता तो मला मान्य आहे. पण या कचेरीच्या दारातल्या प्रसंगाशी मी तो घेऊन जाऊ शकत नाही. हीच कथा त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिली, आणि ती अकरावीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात देशभरातल्या मुलांनी वाचली. 

विश्व एका महास्फोटातून जन्मलं, हे बहुतेकांना मान्य असलेलं मत त्यांनी शेवटपर्यंत स्वीकारलं नाही. अल्पमतात राहायला ते घाबरत नव्हते, मात्र पुराव्याशिवाय बोलत नव्हते. १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राच्या संशोधनाची संस्था उभी केली, २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि उत्तर येई. त्यांचं असं कार्ड ज्यांनी आजही कपाटात जपून ठेवलेलं असेल, त्यांना पुरस्कारांची यादी सांगायची गरज नाही. तरी सांगते: १९९६ चा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, २००४ साली पद्मविभूषण, आणि बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे या चार गावांची कहाणी सांगणाऱ्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार.

२० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. मंगलाताई त्यांच्या आधी, २०२३ च्या जुलैत गेल्या होत्या.

त्याआधीचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. टोपणनावाने स्पर्धेत उतरलेला विज्ञानकथाकार मराठी साहित्याच्या सर्वोच्च मानाच्या जागी निवडला गेला. पण प्रकृतीमुळे त्यांना नाशिकला जाता आलं नाही. ती बातमी ऐकली आणि मला गंगाधरपंत आठवले. कथेत ते आझाद मैदानावरच्या सभेत शिरतात. व्याख्यान रंगलेलं असतं, पण मंचावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. त्या जगात सभांना अध्यक्ष बसवायची रीतच गेलेली असते. पंतांना ते सोसवत नाही. ते तडक पायऱ्या चढतात आणि त्या खुर्चीत जाऊन बसतात.

नमस्कार.