एका बाजूचं दार बंद

नमस्कार श्रोतेहो. आज एका बुटक्या इंजिनाची कुळकथा. नाव टॅलिलिन, मुक्काम ब्रिटनमधला वेल्स, जन्म 1864, इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यातला, तिथला नंबर 42. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, सव्वादोन फूट. परत सांगतो, सव्वादोन फूट.

काम काय, तर डोंगरातल्या खाणीतून दगड आणायचा. आपल्या पाटीचा काळा दगड हो, तिकडे त्याची घरं शाकारतात. मालक मँचेस्टरचे सूतगिरणीवाले, मॅककॉनेल. अमेरिकेत यादवी पेटली, कापूस यायचा थांबला, तेव्हा त्यांनी पैसा या खाणीत घातला. म्हणजे इंजिनाचं मूळ शोधायला जावं तर आधी कापूस हाती लागतो!

बरं, आता किस्सा, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दगडाबरोबर माणसंही न्यायची ठरलं, मग 1866 मध्ये सरकारी तपासनीस आले, कॅप्टन टायलर. तोवर दुसरं इंजिनही आलं होतं, डॉलगॉख. टायलरसाहेबांचं म्हणणं, पहिलं वरखाली उडतंय आणि दुसरं आडवं हेलकावतंय. त्यांनी पुलांखालची जागा मोजली, रुंदी नऊ फूट एक इंच, डबा सव्वापाच फुटांहून जरासा जास्त, म्हणजे डबा आणि भिंत यांच्यात दोन्हीकडे दोन फूटसुद्धा नाहीत आणि नियम म्हणतो अडीच फूट पाहिजे. आता झाली का पंचाईत? पूल तर बांधून झालेले, सगळे पाडून परत बांधायचे म्हणजे दिवाळंच. मग मालकांनी काय केलं असेल? डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली, खिडक्यांना आडवे गज लावले आणि पुलाखालचे रूळ त्याच बाजूला सरकवले! दार उघडतं त्या बाजूला जागा भरपूर, बंद बाजूला कमी, पण तिकडून उतरणारच कोण? साहेब मानले. जुन्या तपासनीस लोकांना उगाच नावं ठेवतात असं माझं मत आहे, नावं ठेवायचीच तर हल्लीच्या चाळीस पानी रिपोर्टांना ठेवा, कामाचं एक वाक्य सापडेल तर शपथ.

टॅलिलिनचं वरखाली उडणं थांबवायला ते परत कारखान्यात गेलं आणि मागे चाकांची आणखी एक जोडी लागली. ही मागची चाकं लक्षात ठेवा, जन्मतः ती नव्हती. जुन्या इंजिनाच्या नावाच्या पितळी पाटीवर फार विसंबू नये, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या काळात डॉलगॉख काही दिवस तिथल्या प्रिटोरिया शहराच्या नावाने फिरत होतं, पितळेला काय, आज हे नाव उद्या ते. चाकं बघा, चाकं.

पुढे 1946 मध्ये खाण बंद पडली. मालक तेव्हा सर हेडन जोन्स, मी आहे तोवर गाडी चालणार म्हणाले आणि चालवली, 1950 मध्ये ते गेले. 1951 मध्ये हौशी लोकांनी गाडी हातात घेतली तेव्हा टॅलिलिन थकून पडलेलं, सगळी भिस्त एकट्या डॉलगॉखवर. शेजारी कॉरिसची लाइन नुकतीच बंद झालेली आणि तिचाही गेज सव्वादोन फूट, अगदी तोच! तिथली दोन इंजिनं यांनी विकत घेतली, प्रत्येकी 25 पौंडांना.