अनोळखी माणसाला पहिला मेसेज

पत्रिकेत विषय छापलाय ‘लिंक्डइनवरून ग्राहक कसे मिळवावेत’. एवढा मोठा विषय माझा नाही. मी बोलणार फक्त पहिल्या मेसेजबद्दल, कारण आपण माती खातो ती तिथेच. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकून कान तयार झालेल्या नाशिककरांसमोर बोलायचं म्हणजे जोखीमच; पण समोर सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली आपलीच मंडळी आहेत, सांभाळून घ्याल.

मी पत्र्याचं काम करतो, इलेक्ट्रिकल पॅनेलचे बॉक्स. प्रोफाइलवर पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय. तरी गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांचा मेसेज आला, ‘सर, आपला प्रेरणादायी प्रवास पाहून भारावून गेलो.’ कुठला प्रवास? मी रोज द्वारका चौकातून ये-जा करतो, तो असेल तर गोष्ट वेगळी. (हशा) पुढे पाच परिच्छेद. विकायचं काय होतं? दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर! पेशंटच्या अपॉइंटमेंट, खाटांची नोंद, सगळं. खाली लिंक, ‘आपल्या सोयीची ३० मिनिटं निवडा.’

मी गप्प. दोन दिवसांनी ‘जेंटल रिमाइंडर’. मग आणखी एक जेंटल. शेवटी काय यावं? ‘सर, नुसता आकडा पाठवा. १, रस आहे. २, रस नाही. ३, तुमच्यामागे मगर लागली आहे.’ कुठल्या तरी परदेशी नमुन्यातून उचललेलं, हे उघडच आहे. अहो, आमच्या कॉलनीत मगर कुठून येणार? बिबट्या म्हटलं असतं तर मी त्याच मिनिटाला फोन केला असता! (हशा, टाळ्या) उसात दिसतो, बंगल्याच्या आवारात दिसतो, सीसीटीव्हीत तर हमखास. आपण कुठल्या गावच्या माणसाला लिहितोय हे त्यानं पाहिलंय, एवढं तरी मला कळलं असतं.

हसताय, पण तुमच्या नावानं तुमचा मुलगा किंवा ते ‘डिजिटल’वाले हेच पाठवत नाहीत ना, ते आज घरी गेल्यावर बघा. मजकूर एकच, नाव तेवढं बदलायचं. आणि कधीकधी तेही राहतं, ‘डिअर फर्स्ट नेम’ असाच जातो.

बरं, आयोजक घड्याळ दाखवतायत. म्हणजे मुद्दा अजून सुरूच व्हायचाय! भराभर सांगतो.

मायक्रोसॉफ्टनं २०१६ साली लिंक्डइन २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली. त्यांनी आपल्याला फुकट किती द्यावं? कनेक्शनच्या, म्हणजे ओळख जोडायच्या, विनंतीसोबतच्या चिठ्ठीला २०० अक्षरं. पैसे भरले तर ३००. देवनागरीत काना-मात्राही त्यात धरतात. तेव्हा कंपनीची स्थापना, आयएसओ, मशिनरीची यादी यांना जागाच नाही. बरंच झालं. पहिल्या मेसेजमध्ये माल विकायचाच नाही. ज्याला लिहायचं त्याचं पान वाचायचं आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा. उदाहरणार्थ:

‘तुमच्या नव्या सोलर प्लांटचे फोटो पाहिले. इन्व्हर्टरशेजारचे बॉक्स उघड्यावर दिसतात. आम्ही अंबडला आयपी ६५ बॉक्स बनवतो. पावसात झाकणातून पाणी येतं का?’

आयपी ६५ म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा बॉक्स. एवढा मजकूर २०० च्या आरामात आत बसतो. भेट मागितली नाही, कॅटलॉग नाही. पाणी येत असेल तर तो माणूस स्वतःहून दोन ओळी जास्तच लिहील.

लिहायचं कुणाला? मालकाला नको, पर्चेसलाही आधी नको. त्याच्यापुढे दिवसभर कोटेशनंच असतात. पावसात शिडी घेऊन ज्याला ते झाकण उघडावं लागतं, त्या मेंटेनन्सवाल्याला लिहा. पर्चेसकडे तुमचं नाव तोच नेईल. दुसरा मेसेज आठवड्यानं, तोही टेस्ट रिपोर्ट किंवा कामाचा फोटो असं काही नवं असेल तरच. तिसरा नाही. इनमेल, म्हणजे कनेक्शन नसलेल्याला पैसे भरून पाठवायचा मेसेज, वापरत असाल तर ९० दिवसांत उत्तर आलं की त्यासाठी खर्चलेलं क्रेडिट परत मिळतं, ‘नको’ म्हटलं तरी. म्हणून ‘गरज नसेल तर तसं कळवा’ हे बिनधास्त लिहा. भाषा? तो ज्या भाषेत पोस्ट टाकतो ती. बाकीचं चहाच्या वेळी विचारा, माझा माईक काढून घेतायत.